न घातलेला दुसरा घाव

रेडीज वकिलांनी मला टायपिंगच्या कामावर ठेवलं, तेव्हा पहिले तीन महिने ते चहाला जाताना आपल्या टेबलाच्या खणाला कुलूप लावून जात. खणात एक काडी तुटलेला चष्मा, शिक्क्याची डबी आणि आवळा सुपारी, एवढंच असायचं. हे मला चौथ्या महिन्यात कळलं, कारण चौथ्या महिन्यात कुलूप लावणं बंद झालं. मी आपली मनातून सुखावले. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "सुनंदाबाई, तुमच्यावर विश्वास बसला असं समजू नका. कुलूप बिघडलंय."

महाडात त्यांना सगळे संशयी वकील म्हणत, आणि ते त्यांच्या कानावर होतं. त्यांचं ऑफिस भांड्यांच्या एका दुकानामागच्या खोलीत होतं. खुर्ची भिंतीला टेकवलेली. अशील समोर बसला की ते त्याचं सगळं ऐकून घेत, मध्ये एक शब्द बोलत नसत, आणि शेवटी फक्त म्हणत, "असं?" त्या एका "असं?"ने मी भलीभली माणसं घामाघूम झालेली पाहिली आहेत. माणूस पुन्हा पहिल्यापासून सांगू लागे, आणि दुसऱ्या खेपेला हकीगत हमखास बदलायची. बदलली की साहेब खूश व्हायचे. बदलली नाही, अक्षरन् अक्षर तीच आली, तर मात्र ते पेन खाली ठेवत. "गोष्ट अशी अंगाला घट्ट बसली की समजायचं, कोणीतरी मापं घेऊन शिवलीय," असं ते म्हणत.

मी टाइप केलेला कागद ते शेवटच्या ओळीपासून वर वाचत जात. घड्याळ हातात एक, भिंतीवर एक, तरी रस्त्यावरच्या माणसाला वेळ विचारत. नदीवरही त्यांचा विश्वास नव्हता. दर वर्षी मे संपता संपता ते सगळ्या फायली माळ्यावर चढवायला लावत. शिडीवर मी, खाली ते, आणि बाजूचे दुकानदार हसायला. ज्या पावसात तिकडे तळीयेवर डोंगर उतरला, त्याच पावसात महाडात पाणी माणसाच्या डोक्यावर गेलं. गाळ उपसायला आम्ही गेलो तेव्हा टेबल उलटून दाराशी अडकलं होतं, टाइपरायटरमध्ये चिखल आणि एक मेलेला खेकडा होता. माळ्यावरच्या फायली तेवढ्या कोरड्या. रांगेतल्या बाकी वकिलांचे कागद लगद्यासारखे रस्त्यावर पसरले होते. साहेबांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी माळासुद्धा पुरणार नाही."

असा माणूस. चांगला म्हणावा की वाईट, हे मला अकरा वर्षांत ठरवता आलं नाही. पण हिराच्या खटल्यात मी त्यांना जे करताना पाहिलं, त्यामुळे त्यांची आठवण निघाली की मला आधी तोच खटला आठवतो.

हिरा वरंधच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीतली. वय तीस-बत्तीस. नवरा मुंबईत कामाला होता, तो तिथेच आजारपणात गेला. मागे हिरा, तिची नऊ वर्षांची मुलगी, सासू भागीरथी आणि चार म्हशी. थोरला दीर महादेव मुंबईला राहणारा. उतारावरची जमीन त्याला एका बाहेरच्या माणसाला विकायची होती. हिरा आणि सासू सही करत नव्हत्या, कारण जमीन गेली की म्हशींची चराई आणि पाण्यावर जायची वाट दोन्ही गेलं. फेब्रुवारीच्या मध्यावर महादेव गावी आला, भांडण झालं, आणि हिरानं त्याला कोयतीनं मारलं. खांद्याजवळचं हाड मोडलं. पोलिसांनी खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं. तेव्हा जुनाच कायदा होता, तीनशे सात. सिद्ध झालं तर दहा वर्षं, नाहीतर जन्मठेपसुद्धा. हिराच्या नावावर आजवर साधी तक्रारही नव्हती.

तिला महाडच्या कोर्टात आणलं तेव्हा साहेब आणि मी व्हरांड्यात तिला भेटलो. काटक बाई, हाताला घट्टे, केस विंचरलेले नाहीत. दोन महिला पोलीस बाजूला उभ्या.

"फिर्यादीत लिहिलंय की तू 'तुला जिवंत सोडत नाय' असं ओरडलीस," साहेब म्हणाले. "ओरडलीस का?"

"व्हय."

"आणि मानेवर घाव घातलास?"

"मानंवरच. मारायचाच व्हता त्याला. खोटं कशाला बोलू?"

साहेब तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांचं ते "असं?" आलं. हिराची हकीगत काही बदलली नाही. पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "त्यानं पेंढ्याची उडवी पेटवली. सगळ्या उन्हाळ्याचं गवत. बाजूला पारडू बांधलेलं. ते वरडत व्हतं."

परत येताना साहेब वाटेतच थांबले. "हिला कोणीतरी शिकवलंय."

"साहेब, गुन्हा कबूल करायला कोण शिकवेल?"

"ज्याला ती आत राहायला हवी आहे तो," ते म्हणाले.

आणि तो कोण, हेही त्यांनी दोन दिवसांत ठरवून टाकलं.

झालं असं की सासू भागीरथी ऑफिसात आली. ठेंगणी, वाकलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. मी खिडकीतून पाहिलं होतं, ती महादेवच्या गाडीतून उतरली आणि तो कोपऱ्यावर गाडीतच बसून राहिला, खांद्याला पट्टा बांधलेला. तिच्या हातात पाकीट होतं. "पोरानं दिलंय. म्हनला, वकिलाला दे, सून सुटंल."

साहेबांनी पाकीट उघडलं. आत समझोत्याचा कागद. महादेव हिराला माफ करायला तयार होता, कोर्टात तसं सांगायलाही. त्याला टाचून दुसरा कागद, हक्कसोडीचा. हिरानं आणि सासूनं जमिनीवरचा हक्क सोडायचा. साहेबांनी तो स्टॅम्पपेपर उताणा केला, पालथा केला, खिडकीशी नेला. मला बोलावून मागचा शिक्का दाखवला. विक्रेत्यानं टाकलेली तारीख मारामारीच्या आठ दिवस आधीची होती.

"बघा," ते हलकेच म्हणाले, "गुन्हा व्हायच्या आधीच माफी विकत घेतलेली आहे."

कागद त्यांनी ठेवून घेतला आणि म्हातारीला सांगितलं, "मुलाला सांग, विचार करतो." ती गेल्यावर मला म्हणाले, "यापुढे या बाईसमोर केसबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तिला कागद वाचता येत नाही म्हणते. येत असेल."

म्हातारी मग दर आठ-दहा दिवसांनी यायची. आता गाडीतून नाही. वाडीतून वरंधपर्यंत चालत, पुढे मिनीडोर रिक्षा किंवा एसटी. पायरीवर बसायची आणि विचारायची, "सून कधी याची?" साहेब सांगत, "बघू." ती उठून जायची. तिच्याजवळ एक डबा असायचा. सुनेला द्यायला आणलेला, तसाच परत न्यायची, कारण सून तिकडे लांबच्या तुरुंगात. मला कसंतरी व्हायचं. साहेबांना होत नव्हतं. उलट, "जखमी माणसाची आई आरोपीसाठी डबा आणते, हे तुम्हाला विचित्र वाटत नाही?" असं ते मलाच विचारत.

शेवटी त्यांनी सापळा लावला. एक दिवस म्हातारीला त्यांनी आत बोलावलं, दार लावलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "कोणाला बोलू नकोस. येत्या शनिवारी हिराला इथल्या कोर्टात आणणार आहेत." तो दुसरा शनिवार होता. कोर्टाला सुट्टी. कोणालाच आणणार नव्हते. साहेबांचा हिशोब असा की म्हातारी हे महादेवला सांगणार, तो किंवा त्याचा वकील त्या दिवशी कोर्टाशी टपकणार, म्हणजे म्हातारी फुटलेली आहे याचा पुरावा हातात. कोर्टाच्या फाटकाशी चहाची टपरी होती. टपरीवाल्या इस्माईलभाईंना त्यांनी लक्ष ठेवायला सांगितलं.

सोमवारी सकाळी आम्ही टपरीवर गेलो.

"कोण आलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही, साहेब. खांद्याला पट्टा बांधलेला कोणी नाही, वकील नाही, गाडी नाही." इस्माईलभाईंनी ग्लास धुता धुता सांगितलं. "एक म्हातारी तेवढी होती. सकाळी आली, कोर्ट उघडायच्या वेळेच्या आधी. मी सांगितलं, आज बंद आहे, बाई. म्हणाली, नाय, सून येनार हाय, वकिलानं सांगितलंय. फाटकाशी बसून राहिली. उन्हं उतरेपर्यंत. चहा दिला तर घेईना. डबा होता मांडीवर, तोही उघडला नाही."

साहेबांनी चहाचा कप तसाच ठेवला. ऑफिसात आले, खुर्चीत बसले. सगळ्यांचा विचार त्यांनी केला होता, म्हातारीच खरं मानून येईल याचा तेवढा केला नव्हता. दुपारपर्यंत एक कागद वाचला नाही. मग म्हणाले, "सुनंदाबाई, उद्या वाडीवर जायचं. तुम्हीही चला. बाईमाणूस बरोबर असलं तर बरं."

वरंधला उतरून आम्ही चढायला लागलो. साहेबांचं वय तेव्हा सहासष्ट. काळा कोट खांद्यावर, हातात छत्री. दर शंभर पावलांवर थांबत आणि दम लागल्याचं कळू नये म्हणून मागे वळून रस्ता पाहिल्यासारखं करत. वाडीत पाच-सहा घरं, निम्म्यांना कुलपं. माणसं मुंबईला. भागीरथी गोठ्यात शेण काढत होती. आम्हाला पाहून तिनं हात पुसले आणि पहिला प्रश्न केला, "सूनबाय आजारी हाय काय?"

"नाही," साहेब म्हणाले. "शनिवारी मी तुला चुकीचं सांगितलं."

"व्हय. कोरट बंद व्हतं." ती म्हणाली. "मी म्हनलं, मानूस इसरतो."

साहेबांना सांगायचं होतं ते बहुधा ओठावर आलं आणि परत गेलं. त्यांनी जागा दाखवायला सांगितली. म्हातारीनं आम्हाला गोठ्यामागे नेलं. उडवीच्या जागी जमिनीवर मोठा काळा गोल उरला होता. त्याच्यापासून चार पावलांवर खुंटा.

"तू इथे होतीस?"

"हितंच. सून वर झाडाचा टाहाळ तोडत व्हती. धूर बघून खाली पळत आली, कोयती हातातच. पोरगा हितं उभा. म्हनला, आता म्हशींना काय घालशील ते घाल, गवात नाय तर म्हशी नाय, म्हशी नाय तर जमीन कशाला पायजे? आनि पारडू वरडाया लागलं. मग सुनेनं कोयती उचलली."

"मग?"

म्हातारीनं इकडेतिकडे पाहिलं. मग साहेबांच्या मागे गेली आणि त्यांचा छत्रीचा हात मनगटाशी पकडला. साहेब दचकले. त्यांना कोणी हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता.

"अशी धरली," ती म्हणाली. "मागून. माजी ताकद ती कितीशी? पन कोयती फिरली. पाठ लागली त्याला, धार नाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला लगेच समजलं. डॉक्टरांच्या दाखल्यात जखम बोथट हत्याराची लिहिलेली होती, आणि गेला महिनाभर साहेब त्यावरच मुद्दा बांधत होते की हिरानं मुद्दामच कोयती उलटी धरून मारलं, म्हणजे जीव घ्यायचा नव्हता. उत्तम मुद्दा होता. मीच टाइप केला होता. म्हातारीच्या एका वाक्यानं तो गेला.

"तू धरलं नसतंस तर?" साहेबांनी विचारलं.

"तर मान गेली असती, सायेब. माज्या पोराची."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी इचारलं, तू पायलंस काय? म्हनलं, पायलं. अंगठा दे म्हनले. दिला."

"धरल्यावर पुढे काय झालं?"

"पोरगा पडला. मी घाबरून हात सोडला. मला वाटलं, आता ही दुसरा घालते. सोडलेलाच व्हता मी हात. कोयती तिच्या हातात, पोरगा पायाशी." म्हातारीनं खुंट्याकडे हात केला. "नाय घातला. पारड्याकडं पळाली. त्याला सोडून आनलं. मग येऊन लुगडं फाडलं आनि ह्याचा खांदा बांधला. चौघा बाप्यांना तिनंच हाका मारल्या, डोलीतून खाली न्यायला."

उतरताना निम्म्या वाटेवर मी न राहवून म्हटलं, "साहेब, म्हातारीला हात धरल्याचं वगळायला सांगितलं तर? बाकीचं सगळं आपल्या बाजूचंच आहे. आपला जुना मुद्दाही राहील."

ते छत्री टेकून थांबले. "अर्धं खरं सांगणारा साक्षीदार उलटतपासात पूर्ण खोटा ठरतो. आणि तो मुद्दा मी शिवलेला होता, सुनंदाबाई. माप घेऊन. माझ्याच लक्षात आलं नाही." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "हिरा खरं बोलत होती. तीन महिने मी तिला खोटं धरून बसलो."

माणगावला सेशन कोर्टात सरकारी वकील एक बाई होत्या. वयानं साहेबांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण संशयात फारशा मागे नाहीत. आरोप ठरायच्या आधी साहेब त्यांना भेटायला गेले. मी फायली घेऊन बाजूला बसले होते.

"खुनाच्या प्रयत्नाऐवजी प्रक्षोभातून घातलेली जबर दुखापत, एवढाच आरोप ठेवावा असा माझा अर्ज आहे," साहेब म्हणाले. "पहिलाच गुन्हा. एकच घाव. गवत समोर जळत होतं. आणि सासूचा पुरवणी जबाब पोलिसांनी घ्यावा अशी विनंती आहे." मग त्यांनी म्हातारीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. मनगट धरल्याचंही.

बाईंनी चष्मा काढला. "रेडीजसाहेब, तुमच्याच अशिलाला मान उडवायची होती, असं सांगणारी साक्षीदार तुम्ही स्वतःहून मला आणून देताय. डाव काय आहे?"

"डाव नाही."

"तुम्ही डाव नाही म्हणालात की मला जास्त भीती वाटते."

"मलाही वाटली असती," साहेब म्हणाले. "म्हणून सांगतो, तुमचे अधिकारी पाठवा. मी जाणार नाही, माझं कोणी जाणार नाही. म्हातारीला जागेवर उभं करून विचारा. मी सांगितलंय तसंच्या तसं, त्याच शब्दांत बोलली, तर ती मी पढवलेली आहे असं समजा आणि अर्ज फेकून द्या."

अधिकारी वाडीवर जाऊन आले. पंधरा दिवसांनी बाईंनी साहेबांना बोलावलं आणि जबाब पुढे सरकवला. साहेबांनी तो नेहमीप्रमाणे शेवटून वाचायला घेतला आणि मध्येच अडखळले. म्हातारीनं एक नवी गोष्ट सांगितली होती. पारड्याचं दावं गाठीला आवळलं होतं, सुटेना, म्हणून हिरानं ते त्याच कोयतीनं तोडलं.

"हे तिनं मला सांगितलं नव्हतं," साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे कुठून आलं?"

बाई हसल्या. "हेच माझ्याही मनात आलं. म्हणून पंचनामा काढला." त्यांनी पान उघडून बोट ठेवलं. जागेवर सापडलेल्या वस्तूंच्या यादीत, जळका पेंढा आणि खुंट्याच्या मध्ये, एक ओळ होती: खुंट्यास बांधलेला, धारदार हत्याराने तोडलेला दाव्याचा तुकडा. "पंचनामा तुम्ही वाचला होता ना, साहेब?"

साहेबांनी तो वीस वेळा वाचला होता. मी साक्षीला आहे. दोन्ही बाजूंनी वाचला होता. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी आरोपीच्या विरुद्ध काय आहे ते शोधत होतो," ते म्हणाले, "आणि तिच्या सासूच्या."

सुनावणीच्या दिवशी ते जेमतेम दहा मिनिटं बोलले. एरवी तासभर बोलणारा माणूस. "माझ्या अशिलाच्या मनात त्या क्षणी राग होता, मारण्याइतका होता, हे मी नाकारत नाही. आगीनं तो आला, आणि हात सुटल्यावर काय झालं ते न्यायालयानं पाहावं. हात मोकळा होता. कोयती हातात होती. माणूस पायाशी होता. अडवणारं कोणी नव्हतं. दुसरा घाव ती घालू शकत होती. धार कशावर चालली? दाव्यावर." एवढं बोलून ते बसले. सरकारी वकील बाईंनी उठून सांगितलं की नोंदीवरचे कागद पाहता आपलाही फार विरोध नाही.

निकाल आठ दिवसांनी आला. खुनाच्या प्रयत्नाचा आरोप ठेवण्याइतका पुरावा दिसत नाही. प्रक्षोभातून जबर दुखापत, तेवढाच आरोप, आणि खटला महाडच्या कोर्टाकडे परत. हिराला जामीन मिळाला. तिला समजावून सांगायला लागलं. समजल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे मी मारायला गेले नव्हते असं म्हनतात काय?"

"नाही," साहेब म्हणाले. "गेलीस, पण थांबलीस, असं म्हणतात."

महाडला तिनं गुन्हा कबूल केला. साहेबांनी पहिलाच गुन्हा असल्याचं, मुलगी लहान असल्याचं मांडलं. मॅजिस्ट्रेटांनी तिला तुरुंगात न पाठवता दोन वर्षं चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायचं ठरवलं, पण एक जामीनदार हवा म्हणाले, तिच्या वागण्याची हमी घेणारा. हिराच्या माहेरचं कोणी पुढे आलं नाही. वाडीतले बाप्ये महादेवला बिचकून होते. तेव्हा मागच्या बाकावरून भागीरथी उठली आणि कंबरेच्या पिशवीतून सात-बारा काढला. त्यावर तिचंही नाव होतं.

साहेबांनी तो उतारा तीनदा वाचला. मग तिच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "विचार कर. तिनं पुन्हा काही केलं तर जबाबदारी तुझी. तिनं तुझ्याच मुलाला मारलंय."

"ठावं हाय मला."

"मुलगा तुला म्हातारपणी बघणार नाही."

"नाय बघनार," म्हातारी म्हणाली. "अंगठा कुटं देऊ?"

दाराशी महादेव उभा होता. आईनं शाईत अंगठा बुडवला तसा तो फिरला आणि पायऱ्या उतरून गेला. साहेबांनी बाहेर आल्यावर तिला विचारलं, गवत जाळल्याची फिर्याद द्यायची का, स्टॅम्पपेपर आपल्याकडे आहे, पुरावा चांगला आहे. ती म्हणाली, "नको. त्याच्या खांद्यात सळई घातलीय, ती थंडीत दुखंल. तेवढं पुरं." साहेबांनी कागद तिच्या हातात दिला. म्हणाले, "जपून ठेव, त्याचा भरवसा नाही." आणि मग, मी कधी विसरणार नाही, या माणसानं भर व्हरांड्यात म्हातारीला वाकून नमस्कार केला. ती इतकी घाबरली की हिराच्या मागे लपली.

त्यानंतर साहेब बदलले, असं मी सांगणार नाही. बदलले नाहीत. पुढच्याच महिन्यात एका अशिलाचं मृत्युपत्र त्यांनी भिंगातून पाहिलं आणि त्याच्या पाठच्या भावाला "असं?" म्हणून घाम फोडला. फक्त एक फरक मला दिसायचा. कधीकधी "असं?" म्हणून झाल्यावर ते थोडे थांबत आणि स्वतःशीच पुन्हा एकदा म्हणत, "असंही असेल."

दोन वर्षांनी त्यांना छातीचं दुखणं लागलं. मुलीनं पुण्याला न्यायचं ठरवलं. ते निघाले तो दिवस मार्चमधला, चवदार तळ्यावर सगळ्या महाराष्ट्रातून माणसं येतात त्या दिवसांतला. रस्ता माणसांनी, निळ्या झेंड्यांनी फुलून गेलेला. मी त्यांना निरोप द्यायला स्टँडकडे निघाले होते. ते मला रस्त्याच्या पलीकडे दिसले. मुलगी तिकिटाच्या रांगेत असावी. बॅग दोन पायांच्या मध्ये घट्ट धरून ते भिंतीला पाठ लावून उभे होते.

गर्दीतून एक तरुण बाई आली. कडेवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी, दुसऱ्या हातात पिशव्या. तिची चप्पल तुटली होती, की मागे राहिली होती, कोण जाणे. तिनं आजूबाजूच्या इतक्या माणसांकडे एकदा पाहिलं आणि ती पोर सरळ रेडीज वकिलांच्या हातात दिली. काहीतरी बोलली आणि गर्दीत शिरली.

साहेब गडबडले. पोर त्यांच्या कोटाचं बटण ओढायला लागली. ते तिला छातीपासून थोडं लांब धरून उभे, आणि मान उंच करून ती बाई गेली त्या दिशेला डोळे बारीक करून बघत होते. ती येते की नाही, याची त्यांना मुळीच खात्री नव्हती, हे मला इतक्या लांबूनही कळत होतं. मी हात हलवला, हाक मारली. घोषणांमध्ये ऐकू जाणं शक्य नव्हतं. रस्ता ओलांडायला वाट मिळेना. हळूहळू त्यांचे हात दुखले असावेत, कारण त्यांनी पोरीला जवळ घेतलं, खांद्याशी. तिनं तिथे डोकं टेकलं.

मग ती बाई परत आली, हसत, धापा टाकत. हात पुढे केले. साहेबांनी मुलगी लगेच दिली नाही. आधी तिला काहीतरी विचारलं. काय विचारलं असेल ते मला सांगायला नको. ती बाई मोठ्यांदा हसली आणि पोरीला नावानं हाक मारली. पोरीनं मान वळवली, तेव्हा कुठे त्यांनी ती सोडली.

एक मोठा जथा मधून गेला. तो संपला तेव्हा भिंतीशी कोणी नव्हतं, आणि पुण्याची गाडी स्टँडातून बाहेर पडत होती.